दुतोंड्या मारुतीच्या कितीवर पाणी? टीका, शिवी आणि धमकी ओळखताना

फोन टेबलावर पालथा ठेवला होता, तरी दर काही सेकंदांनी तो गुरगुरायचा आणि शेजारच्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. जिल्हा न्यायालयाजवळच्या माझ्या छोट्या ऑफिसात समोर बसल्या होत्या नाशिकच्या सिडकोतल्या एक माजी नगरसेविका. (त्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) महापालिकेवर तेव्हा प्रशासक होता, पण नळाला पाणी आलं नाही की लोक अजून यांनाच फोन करायचे. गणेशोत्सवाच्या तोंडावर त्यांनी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या. मिरवणुकीत ढोल वाजू द्या, नाशिक ढोलाचं नाव जगभर आहे, पण प्रसूतिगृहासमोर डीजेची भिंत उभी करू नका. एवढंच.

दोन दिवसांत साडेतीनशे कमेंट. त्या एकेक वर सरकवून मला दाखवत होत्या. नवऱ्यावरून, जातीवरून, साडीवरून, चारित्र्यावरून. बरंचसं इथे लिहिता येणार नाही असं. दाखवताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता. ‘‘याची सवय आहे हो ताई. निवडणुकीत याहून वाईट ऐकलंय.’’ मग त्यांनी मेसेज रिक्वेस्टचा कप्पा उघडला आणि फोन माझ्या हातात दिला. अनोळखी खात्यावरून आलेली एकच ओळ होती: ‘‘मुलगा साडेबाराच्या रिक्षाने येतो ना? पिवळी बॅग.’’

त्यात एकही शिवी नव्हती. ती ओळ वाचून त्यांनी दहा मिनिटांत पोस्ट काढून टाकली होती.

साडेतीनशे शिव्यांनी जे झालं नाही ते या एका साध्या वाक्याने केलं. हा फरक समजला की इंटरनेटवर सार्वजनिक माणसांना मिळणाऱ्या शिव्या आणि धमक्या हा सगळा गुंता निम्मा सुटतो. तो समजला नाही तर दोन्हीकडून चुका होतात. कुणी साध्या टीकेवर पोलिसांत धावतं, आणि कुणी खऱ्या धमकीवर ‘‘राजकारणात हे चालायचंच’’ म्हणून गप्प बसतं.

नाशिककरांना पुराचं मोजमाप शिकवावं लागत नाही. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती उभी आहे. पावसाळ्यात कुणी आकडे विचारत नाही. ‘‘दुतोंड्याच्या कितीवर आलंय?’’ असं विचारतात. गुडघ्याला आलं म्हणजे घाटावरच्या टपऱ्या हलवायच्या, कमरेला आलं म्हणजे काठच्या दुकानदारांनी माल वर चढवायचा, छातीला आलं म्हणजे सराफ बाजाराच्या बाजूला धाकधूक सुरू. पाणी तेच असतं, काय करायचं ते पातळीवर ठरतं. ऑनलाइन येणाऱ्या मजकुरालाही हीच पट्टी लावून बघा.

‘‘या बाईंना वॉर्डातले खड्डे दिसत नाहीत, डीजे बरा दिसतो’’ ही टीका आहे. कडवट असेल, अन्याय्यही असेल, पण ती त्यांच्या कामावर आहे. हे पाणी घोट्याएवढं, त्यातून चालत जायचं असतं. मंत्री असो, आमदार असो की सरपंच, लोकांच्या पैशाने आणि मताने जो खुर्चीवर बसतो त्याने सामान्य माणसापेक्षा जास्त ऐकून घ्यायलाच हवं. व्यंगचित्रं, टोमणे, विडंबन, ‘‘तुमच्या राज्यात काय दिवे लागले’’ हे सगळं यात आलं. त्यावर पोलीस ठाण्यात जाणारा नेता मला अजिबात पटत नाही.

शिवी आली की पाणी गुडघ्याला. तिचा कामाशी संबंध नसतो, माणसाला खाली ओढणं एवढाच तिचा उद्योग. प्रत्येक शिवी गुन्हा नसते आणि नसावीही. पण तीच शिवी जातीवरून, धर्मावरून किंवा बाईच्या शरीरावरून असेल तर प्रकरण वेगळ्या कलमांत जातं.

त्यानंतरची पातळी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे छळाची. एकेक मजकूर किरकोळ असतो, पण तो थांबत नाही. रोज सकाळी पहिल्या पोस्टखाली तेच खातं, तोच प्रश्न. ब्लॉक केलं तर दुसऱ्या नावाने. नवऱ्याच्या दुकानाच्या पानावर, मुलीच्या इन्स्टाग्रामवर, भावाच्या व्हॉट्सॲपवर. इथे एकेक कमेंट वेगळी काढून ‘‘यात काय एवढं?’’ असं विचारणं म्हणजे पुराच्या पाण्याची एक ओंजळ दाखवून विचारणं, हे बुडवेल का?

आणि छातीला पाणी म्हणजे धमकी. तुझ्याशी किंवा तुझ्या माणसाशी काहीतरी वाईट घडेल, मी किंवा आमचे लोक घडवू, असा अर्थ निघाला की ती धमकी. त्यासाठी ‘‘ठार मारीन’’ हा शब्द लागत नाही. घराचं फाटक दिसणारा फोटो, गाडीचा नंबर, मुलाची सुटायची वेळ, यातलं काहीही पुरतं. समोरच्याला कळावं की आपण कुठे असतो हे याला ठाऊक आहे, हाच त्या वाक्याचा हेतू असतो.

मराठीत तर धमकी फार वेष बदलून येते. ‘‘करेक्ट कार्यक्रम करू’’ हा राजकारणात रुळलेला शब्दप्रयोग. जाहीर सभेत कुणी नेत्याने म्हटला तर अर्थ एवढाच की निवडणुकीत पाडू. तेच तीन शब्द रात्री दीड वाजता बिननावाच्या खात्यावरून, खाली तुमच्या सोसायटीच्या गेटचा फोटो लावून आले, तर? ‘‘गेम करू’’, ‘‘बघून घेऊ’’, ‘‘टप्प्यात आलात’’, ‘‘जास्त उडू नका, पंख छाटले जातील’’. सोशल मीडिया कंपन्यांच्या यंत्रांना शिवी ओळखता येते, तीही प्रमाण मराठीत नीट लिहिली असेल तर. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी, बोलीतले शब्द, मुद्दाम मोडलेली अक्षरं यांपुढे ती चाचपडतात. ‘पिवळी बॅग’ तर कुठल्याच यंत्राला कळणार नाही. आम्ही तो मेसेज रिपोर्ट केला तेव्हा उत्तर आलं की हा नियमांचा भंग नाही.

आपल्याकडचा सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. लोक हसतात, पुढे पाठवतात. हा प्रकार मुळीच नवा नाही. ‘सुधारक’ काढणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यात त्यांच्या जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती आणि ती त्यांनी पाहिली होती. १९३० च्या मार्चमध्ये आपल्याच पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड आले. नवं बोलणाऱ्यावर, हक्क मागणाऱ्यावर तुटून पडणं ही या मातीतली जुनीच खोड. पण त्या वेळी प्रेतयात्रा काढायला माणसं जमवावी लागत, तिरडी बांधावी लागे, दिवसाउजेडी रस्त्यावरून तोंड दाखवत चालावं लागे. दगड मारणारा कोण हे शेजारच्याला दिसे. आता अंथरुणात पडल्या पडल्या अर्ध्या मिनिटात तिरडी बांधून होते.

आता प्रश्न असा की एरवी चारचौघांत नीट वागणारी माणसं असं का लिहितात. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये याची कारणं मांडली, ती आजही लागू पडतात. आपण कोण हे समोरच्याला कळत नाही. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं की जीभ आपोआप थांबते तो लगामच राहत नाही. शिवाय आपण लिहून निघून जातो, उत्तर येईपर्यंत आपण भाजी आणायला गेलेलो असतो. आणि हळूहळू समोरचा माणूस हाडामांसाचा वाटेनासा होतो, टीव्हीतल्या पात्रासारखा वाटायला लागतो. सार्वजनिक व्यक्तीच्या बाबतीत हे शेवटचं तर लवकरच होतं, कारण तिला आपण आधीपासून पडद्यावरच पाहिलेलं असतं.

म्हणून असं लिहिणारा म्हणजे बेकार, अडाणी, टवाळ पोरगा ही समजूत सोडून द्या. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध हरल्यावर एका गोलंदाजाला धर्मावरून शिव्या पडल्या. कर्णधार विराट कोहली जाहीरपणे त्याच्या बाजूने उभा राहिला. मग त्याच्या दहा महिन्यांच्या मुलीवर बलात्काराची धमकी आली. मुंबई पोलिसांनी हैदराबादहून पकडून आणलेला संशयित आयआयटीतून शिकलेला तेवीस वर्षांचा इंजिनिअर होता. पुढे २०२४ मध्ये तक्रारदाराच्या संमतीने उच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. त्या प्रकरणातला क्रम नीट बघा. आधी एकाला लक्ष्य केलं, मग त्याची बाजू घेणाऱ्याला, आणि तेही त्याच्या तान्ह्या मुलीच्या आडून.

त्यात कंपन्यांच्या गणिताची भर पडते. ज्या पोस्टवर जास्त हालचाल, ती आणखी लोकांना दाखवायची, असं ते गणित. राग ही सगळ्यात जास्त हालचाल करणारी गोष्ट. तुम्ही चिडून ‘‘लाज वाटत नाही का असं बोलायला’’ असं उत्तर दिलंत तरी यंत्राच्या हिशेबी ती हालचालच. निषेध म्हणून तुम्ही तो घाणेरडा फोटो शेअर केलात तर तुमच्या चारशे ओळखीच्यांच्या फोनवर तो तुम्हीच पोचवलात. आमच्या या बाईंच्या बाबतीत हेच झालं. पहिल्या रात्री कमेंट होत्या चाळीस. एका हितचिंतकाने संतापून त्यातल्या सगळ्यात घाण कमेंटचा स्क्रीनशॉट वॉर्डाच्या ग्रुपवर टाकला आणि सकाळपर्यंत त्या दोनशेवर गेल्या.

पाणी पावसाचं की धरणातून सोडलेलं?

पूर पाहणारा नाशिककर आणखी एक गोष्ट विचारतो. हे पाणी वरच्या पावसाचं आहे की गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले? ऑनलाइन लोंढ्यालाही हा प्रश्न विचारायला शिका. खरा लोकक्षोभ असेल तर माणसं आपापल्या शब्दांत बोलतात, काही तुमच्या बाजूनेही बोलतात, चुका वेगवेगळ्या असतात. सोडलेलं पाणी ओळखू येतं. एकच वाक्य वीस खात्यांवर, त्यातली शुद्धलेखनाची चूकही तीच. खाती एकाच महिन्यात उघडलेली. त्यांच्या पानावर स्वतःचं असं काही नाही, ना लेकराचा वाढदिवस, ना गावची जत्रा. प्रोफाइलला झेंडा, देव किंवा सिनेमातला नट. आणि वेळ ठरलेली, रात्री साडेनऊला एकदम सत्तर आणि साडेदहाला शुकशुकाट.

कुणी उघडले दरवाजे हे तुम्हाला घरबसल्या कळणार नाही, आणि अंदाजाने कुणाचं नाव घेऊही नका, त्यातून तुमच्यावरच बदनामीचा दावा व्हायचा. पण सोडलेलं पाणी आहे एवढं ओळखलं तरी मनावरचं ओझं हलकं होतं. ‘‘सगळं गाव माझ्या विरोधात गेलं’’ असं त्या मला म्हणाल्या होत्या. आम्ही बसून मोजलं. साडेतीनशे कमेंटमागे खाती एकशे दहा, आणि त्यातली नावागावावरून नाशिकची वाटणारी वीस-बावीस. वॉर्डात मतदार काही हजारांत.

सार्वजनिक व्यक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदोबस्तातला मंत्री येतो. त्याच्या कमेंट वाचायला पगारी माणसं असतात. पण स्कूटीवरून फिरणारी नगरसेविका, गावात दारूबंदीचा ठराव मांडणारी सरपंच, मालिकेतली नवी नटी, तपोवनातल्या झाडांसाठी उभी राहिलेली कॉलेजची मुलगी, कांद्याच्या भावावर बोललेला शेतकरी कार्यकर्ता, जिल्ह्याच्या पानावर बातमी लिहिणारा वार्ताहर, हेही सार्वजनिकच. यांना प्रसिद्धी मिळते ती मोठ्या माणसांसारखी, संरक्षण मात्र तुमच्या-माझ्याइतकंच. यांचा पत्ता लोकांना माहीत असतो. धमकी यांना जास्त लागते ती म्हणूनच.

आणि बायकांना त्याहून जास्त. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळातल्या ट्वीट्स तपासल्या. देशातल्या ९५ महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेल्या ट्वीट्सपैकी १३.८ टक्के त्रासदायक किंवा शिवराळ निघाल्या, म्हणजे साधारण सातातली एक. युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या महिला पत्रकारांच्या जागतिक पाहणीत ७३ टक्के जणींनी ऑनलाइन हिंसा सोसल्याचं सांगितलं आणि २० टक्के जणींनी सांगितलं की ऑनलाइन सुरू झालेल्या प्रकाराशी जोडलेला त्रास पुढे प्रत्यक्षातही झाला. आपल्या महापालिकेत १२२ जागा आहेत आणि कायद्याने त्यातल्या निम्म्या महिलांसाठी राखीव. एवढ्या बायकांनी पुढे यावं म्हणून आरक्षण दिलं, पण त्या आल्यावर त्यांच्या फोनमध्ये काय येतं याची काळजी करणारी व्यवस्था कुठेच नाही.

‘‘भुंकणारे कुत्रे चावत नाहीत’’ असं कुणीतरी प्रत्येक वेळी म्हणतंच. बहुतेक धमक्या पोकळ असतात हे खरं. पण डॉ. नरेंद्र दाभोलकरांनाही वर्षानुवर्षं धमक्या येत होत्या, त्यांनी पोलीस संरक्षण नाकारलं होतं, आणि २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला गेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दीड वर्षाने कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे. शंभरातली कुठली पोकळ आणि कुठली खरी हे ज्याला धमकी येते त्याने ओळखायचं, आणि चुकला तर जीव त्याचा, हा कुठला न्याय? आणि पोकळ धमकीही आपलं काम करतेच. मुलगा उद्या त्याच रिक्षाने यावा का, हा प्रश्न रात्री तीन वाजता आईला जागं ठेवतो, तेव्हा धमकी देणारा कदाचित घोरत असतो. मग ती आई पोस्ट काढते. ते पाहून शेजारच्या वॉर्डातली डीजेवर लिहायला निघालेली दुसरी बाई लिहितच नाही. तिला कुणी धमकी दिलेलीही नसते.

कायदा काय म्हणतो

आधी एक जुनी गोष्ट, कारण ती विसरून चालणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ नावाचं कलम होतं. ‘त्रासदायक’ किंवा ‘आक्षेपार्ह’ काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रासदायक म्हणजे काय ते कुणीच सांगितलं नव्हतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या एका मुलीला आणि त्या लाइक केल्या म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. आजही ‘‘मला त्रास झाला, यांना आत टाका’’ म्हणणारे नेते भेटतात, त्यांना मी पालघरची आठवण देते. कायद्याचा दरवाजा अरुंदच असला पाहिजे, आणि त्यातून धमकी मात्र निसटता कामा नये.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं ३५१ वं कलम धमकीचं. कुठल्याही मार्गाने दिलेली धमकी यात येते, म्हणजे मेसेज, कमेंट, फोटो, सगळं. ती तुमच्या शरीराला, मालमत्तेला किंवा अब्रूला असू शकते, आणि तुमच्या जवळच्या माणसाच्या शरीराला किंवा अब्रूलाही. पिवळी बॅग इथे बसते. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा, ठार मारण्याच्या किंवा गंभीर इजेच्या धमकीला सात वर्षांपर्यंत, आणि नाव-पत्ता लपवून दिली असेल तर त्याशिवाय आणखी दोन वर्षांपर्यंत. म्हणजे ‘फेक अकाउंट आहे, काही होत नाही’ हा समज कायद्याने उलटाच केलाय, तोंड लपवणं हा शिक्षा वाढवणारा भाग आहे.

बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं, ती नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हे कलम ७८. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच. तिच्या विनयशीलतेचा अपमान कलम ७९ मध्ये. यावर पूर्वी वाद घातला जायचा की कायद्यातला शब्द ‘उच्चारलेला’ असा आहे, मग लिहिलेलं कसं चालेल? मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये जुन्या संहितेतल्या याच कलमाबाबत सांगितलं की ईमेल किंवा सोशल मीडियावरचा लेखी मजकूरही त्यात येतो. अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ वं कलम आहेच. बदनामीचं ३५६ वंही आहे, पण पुढाऱ्यांनी ते जरा जपून काढावं असं माझं मत आहे, कारण त्याने बहुधा टीकाकारच घाबरतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. आम्ही ज्या ठाण्यात गेलो तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, ‘‘मॅडम, यात धमकी कुठेय? बॅगेचा रंग सांगितलाय फक्त.’’ मग, ‘‘राजकारणात हे चालायचंच. एनसी घेतो.’’ एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, म्हणजे बहुतेक वेळा कागद तिथेच राहतो. म्हणून तक्रार लिहिताना नुसतं ‘‘मला धमकी आली’’ असं लिहू नका. आधी काय घडलं, किती खात्यांवरून, कोणत्या तारखांना, मुलाची वेळ बाहेरच्या कुणाला कळण्याचं कारण काय, त्या ओळीमुळे तुम्ही काय काय बदललंत, हे सगळं क्रमाने लिहा. एकटी ओळ निरुपद्रवी दिसते, अलीकडचं-पलीकडचं जोडलं की तिचे दात दिसतात. आम्ही तसं लिहिलं, पाळतीचं कलमही मांडलं, वरिष्ठांकडे गेलो, तेव्हा गुन्हा दाखल झाला.

तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत मोफत मिळते. घेतच नसतील तर वरिष्ठांना लेखी द्या, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट आहेत. नाशिक शहराला स्वतंत्र सायबर पोलीस ठाणं आहे, केंद्राचं सायबर क्राइम पोर्टलही आहे. १९३० हा नंबर मात्र मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी, तो धमकीसाठी फिरवत बसू नका. कुणी दारात उभं असेल तर सरळ ११२.

पुराव्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण प्रकरणं इथेच पडतात. घाबरलेला माणूस पहिल्यांदा डिलीट करतो. तसं करू नका. आधी साठवा, मग रिपोर्ट करा, मग ब्लॉक. हा क्रम उलटा झाला तर मजकूरच समोरून जातो. स्क्रीनशॉट कापून छोटा करू नका. तारीख, वेळ, खात्याचं नाव आणि वरची पूर्ण लिंक दिसली पाहिजे. नाव आणि फोटो दोन मिनिटांत बदलता येतात, म्हणून प्रोफाइलची लिंक वेगळी उतरवून ठेवा. स्क्रीन रेकॉर्डिंग करून खात्यापासून मेसेजपर्यंत कसं पोचलात ते दाखवा. ज्या फोनवर मेसेज आला तो बदलू नका, विकू नका. न्यायालयात हे सगळं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह द्यावं लागतं, ते काम वकिलाकडून करून घ्या. आणि उशीर नको. काढून टाकलेला मजकूर कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायचा असा नियम आहे. सहा महिने कसे जातात ते कळत नाही. कंपनीने तुमची तक्रार फेटाळली तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

हे सगळं धमकी आलेल्या बाईनेच करायचं का? नाही. माझा पहिला सल्ला नेहमी हाच असतो की फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. बहीण, मैत्रीण, कार्यालयातला पोरगा, कुणीही. मजकूर वाचणं, साठवणं, मोजणं हे काम त्याने करावं. त्या बाईंच्या भाचीने ते केलं, वहीत रकाने आखून. घरच्यांनी मुलांचे गणवेशातले फोटो आणि घराचं ठिकाण दाखवणाऱ्या पोस्ट काढल्या. रिक्षावाल्या काकांना विश्वासात घेतलं; त्यांनी वेळ बदलली आणि शेवटच्या वळणापर्यंत स्वतः सोबत यायला लागले.

बघ्यांनाही काम आहे. घाण मजकूर निषेधासाठीही पुढे पाठवू नका. रिपोर्ट मारा आणि त्या पोस्टखाली मूळ विषयावर एक सरळ वाक्य लिहा, पटत असेल तर पटतंय, नसेल तर ‘‘मला डीजे हवा, पण ही भाषा नको’’ असं. असली दहा वाक्यं शिव्यांच्या भिंतीला भोक पाडतात. जमलं तर फोन करा. या बाईंना त्या आठवड्यात शेकडो कमेंट आल्या आणि फोन आले तीन. ग्रुप ॲडमिन असाल तर, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून तुम्हाला दोषी धरता येत नाही असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. पण काढून टाकायचा अधिकार तुमच्या हातात आहे. रात्री अकराला शेजारणीच्या फोटोला हार घातलेला दिसला तर सकाळची वाट कशाला बघायची?

महापालिकेची निवडणूक आता होऊन गेली. त्या उभ्या राहिल्या नाहीत. ‘‘घरचे नको म्हणाले,’’ एवढंच सांगितलं. गुन्ह्याचा तपास अजून चालू आहे, खातं कुणाचं ते निघायचंय. पण त्यांचं पान बंद झालं नाही. रोज सकाळी पाण्याच्या वेळा त्या टाकतात. कमेंट बराच काळ बंद होत्या, गेल्या महिन्यात पुन्हा सुरू केल्या.

परवा त्यांनी मला एक कमेंट फॉरवर्ड केली. कुणी आजोबा होते, खऱ्या नावाने, खऱ्या फोटोसह: ‘‘सहाचं पाणी सांगता आणि साडेसात वाजले तरी नळ कोरडा. जमत नसेल तर पोस्ट टाकू नका.’’ खाली त्यांचं उत्तर होतं: ‘‘काका, व्हॉल्व्ह बिघडलाय. माणूस पाठवलाय, दुपारपर्यंत येईल पाणी.’’ आणि माझ्यासाठी वेगळी ओळ: ‘‘ताई, बघा, शिव्या नाहीत!’’